‘माझं वय बसत नाही’ असं कुणी म्हणतं का?

यंदा गणपतीत आमच्या पेठेतल्या मंडळानं डीजेचा खर्च कमी करून एक परिसंवाद ठेवला, विषय ‘दारू पिण्याचं कायदेशीर वय किती असावं’. साताऱ्यात असा विषय मांडवात घ्यायला धाडस लागतं, त्याबद्दल पोरांचं कौतुक. पण परिसंवाद ऐकून मी डोकं धरून घरी आलो. एका बाजूला रिटायर झालेले गुरुजी, व्यसनमुक्तीचं काम मनापासून करणारे, त्यांचं म्हणणं २५ आहे ते ३० करा, जमलं तर बंदच करून टाका. दुसऱ्या बाजूला पुण्याला शिकून आलेला तरुण वकील, त्याचं म्हणणं १८ व्या वर्षी मत देता येतं, गाडी चालवता येते, मग ग्लासच तेवढा का नाही, आणि ज्याला बंदी घालाल तेच पोरं करणार. तासभर हेच, १८, २१, २५, ३०, जणू मंडईत वांग्याचा भाव चाललाय. आणि ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती सतरा-अठराची पोरं मागं खुर्च्यांच्या थप्पीला टेकून मोबाईल बघत उभी होती, त्यांना एकानंही विचारलं नाही की बाबांनो, आत्ता कायद्यात आकडा किती आहे हे तरी तुम्हाला माहितीये का?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचायचं का नाही ते ज्याचं त्याला ठरवता येईल. वयाची मर्यादा हवी आणि ती उपयोगी पडते. कशी पडते हे मात्र त्या दोघांनीही धरलं नाही. कायदा काही पोराचा हात धरायला ढाब्यावर येत नाही, पण ज्याला मनातून नको असतं त्या पोराला तो नाही म्हणायला एक निमित्त देऊ शकतो. मित्रांसमोर मान खाली न घालता वापरता येईल असं निमित्त. आणि आपल्या राज्यानं बिअरला २१ आणि कडक दारूला २५ असे आकडे ठेवून ते निमित्तच वाया घालवलंय. ठेवणाऱ्याचा विश्वास नाही, विकणाऱ्याचा नाही, पिणाऱ्याचा नाही, अशा आकड्याची आड कोण घेणार?

माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, कॉलेजच्या रस्त्याला. दिवसभर पोरंच असतात, जातीचा दाखला, एसटीचा पास, प्रोजेक्टचं बाइंडिंग. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या पोरानं पबमधनं पिऊन निघून पोर्शे गाडीखाली दोन इंजिनियर पोरं मारली, आणि त्याला जामीन देताना अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, ते सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर पुण्यातल्या पबवाल्यांनी काही दिवस दारात ओळखपत्रं बघायला सुरुवात केली, आणि माझ्या दुकानात एक नवीनच गिऱ्हाईक आलं. अकरावी-बारावीतला पोरगा, पाठीला सॅक, आधार कार्डाचा फोटो दाखवून म्हणतो, काका, जन्मसाल २००७ आहे ते २००२ करून एक कलर प्रिंट देता का, लॅमिनेशन करून. मी म्हटलं कशाला रे, तर सरळ म्हणाला, शनिवारी पुण्याला चाललोय. मी म्हटलं आणि इथं? त्यावर तो हसला. म्हणाला, ‘हितं कशाला लागतंय काका, हितं कोण इचारतंय.’ मी काही करून दिलं नाही हे सांगायला नको. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. परिसंवादातल्या तासाभराच्या भाषणापेक्षा त्यात जास्त होतं.

कारण इथं खरंच कुणी विचारत नाही. वाइन शॉपच्या जाळीवर पाटी असते, अमुक वयाखालच्यांना विक्री होत नाही. जाळीतनं हात आत जातो, पैसे ठेवतो, क्वार्टर कागदात गुंडाळून बाहेर येते, आतल्या माणसानं वर मान करून तोंड बघितलेलंच नसतं. त्याला हात दिसतो, हाताला वय नसतं. पाटी आणि हात यांच्यामध्ये वीतभर अंतर असेल, आणि त्या वीतभरात पोरगं जे शिकतं ते दारूबद्दल कमी आणि कायद्याबद्दल जास्त असतं. की पाटी ही लावायची गोष्ट असते. गुटख्याचं तेच झालं, २०१२ साली राज्यात बंदी आली, आज दहा वर्षांच्या पोरालाही माहिती असतं की पुडी कुठल्या टपरीवर काउंटरखालनं मिळते.

आता निमित्ताचं सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्याच्यावर उभा आहे. आपल्याकडं चार टाळकी बसली आणि एकजण नको म्हणाला तर त्याला सोडत नाहीत. ‘घे की मर्दा, एवढ्यानं काय हुतंय’, ‘बायकोला भितोस व्हय’, आणि लग्न झालं नसेल तर ‘आईला इचारून ये’. हे सहन करून तोंड वर करून नाही म्हणणं चाळिशीतल्या माणसालाही जड जातं, सतराच्या पोराला कुठनं जमणार? पण काही शब्द असे आहेत की ते उच्चारले की समोरचा गप्प बसतो. एक, ‘माळ हाय.’ गळ्यात तुळशीची माळ असेल तर पैलवान असो नाहीतर सरपंच, कुणी आग्रह करत नाही, उलट ग्लास जरा लांब सरकवतात. दुसरा, ‘भरती हाय.’ आमच्या जिल्ह्यातनं मिलिटरीत आणि पोलिसांत जाणारी पोरं किती, अपशिंगे गावाच्या तर नावामागंच मिलिटरी लागलंय, त्यामुळं पहाटे ग्राउंडवर पळणाऱ्या पोरानं भरती हाय म्हटलं की त्याला सगळा ग्रुप जपतो. तिसरा श्रावण, चौथा ‘गोळ्या चालू हायत’. गेली वीस वर्षं मी हे चारही ऐकत आलोय. पण ‘माझं वय बसत नाही’ असं म्हणून ग्लास बाजूला ठेवलेला एकही पोरगा मी बघितला नाही. तुम्ही बघितलाय? तो शब्द उच्चारला तर हशा पिकेल, आणि हशा पिकतो याचं कारण २५ हा आकडा आहे.

असं नाही की वयाचा कायदा आपल्या लोकांच्या अंगवळणीच पडत नाही. लग्नाचं बघा ना. १९२९ चा शारदा कायदा आला तेव्हा मुलीला १४ आणि मुलाला १८, आणि त्यावर केवढा गदारोळ झाला, धर्म बुडाला म्हणून. पुढं १९७८ साली १८ आणि २१ झालं. बालविवाह आजही होतात, दुष्काळी तालुक्यांत आणि ऊसतोडीच्या टोळ्यांत तर होतातच, नाकारण्यात अर्थ नाही. पण आज माण-खटावातल्या कुठल्याही वस्तीवर जाऊन अडाणी म्हातारीला विचारा, पोरीच्या लग्नाचं वय काय, ती ‘अठरा पूर्ण’ म्हणणार. पूर्ण हा शब्दसुद्धा कायद्यातला, तोही तिच्या तोंडात बसलाय. आणि शिकायची इच्छा असलेल्या कितीतरी पोरींनी ‘अजून अठरा पूर्ण नाहीत, केस होईल’ या एका वाक्यावर दोन-दोन वर्षं काढलीत, तोवर बारावी झाली, कुणाचं नर्सिंग झालं. कायद्यानं प्रत्येक लग्न थांबवलं नाही, पण पोरीच्या हातात आणि तिच्या आईच्या हातात काहीतरी धरायला दिलं. आता त्याच म्हातारीला, किंवा तिच्या बीकॉम झालेल्या नातवाला विचारा, व्हिस्की प्यायचं कायदेशीर वय काय. बघा काय उत्तर येतंय.

आता गुरुजींच्या बाजूचा खरा जोर कशात आहे ते मान्य करतो, कारण त्यांनी स्वतः तो नीट मांडला नाही. मेंदूचा पुढचा भाग, जिथं थांबायचं कुठं हे ठरतं, तो पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, हे खरं आहे. लवकर सुरुवात करणाऱ्यांत पुढं व्यसनाचं प्रमाण जास्त सापडतं, हेही खरं आहे (यात लवकर पिण्याचा वाटा किती आणि घरच्या परिस्थितीचा किती हे सोडवणं अवघड आहे, पण ते असो). आणि सगळ्यात मोठा पुरावा अमेरिकेचा. तिथं १९७१ मध्ये मतदानाचं वय १८ झालं आणि आमच्या वकीलसाहेबांच्याच लॉजिकनं बऱ्याच राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं. पोरं गाड्या घेऊन मरायला लागली. मग पोरं गमावलेल्या आयांनी चळवळ उभी केली आणि १९८४ ला रेगनच्या काळात कायदा झाला, ज्या राज्यात वय २१ नाही त्याचा हायवेचा निधी कापणार. १९८८ पर्यंत सगळी राज्यं लायनीत आली. तिथल्या रस्ते सुरक्षा खात्याचा अंदाज आहे की या वयोमर्यादेमुळं १९७५ पासून तीस हजारांवर जीव वाचले. तीस हजार म्हणजे आमच्याकडच्या एका तालुक्याच्या गावाएवढी माणसं. वयानं काही होत नाही म्हणणाऱ्यानं आधी या आकड्याला उत्तर द्यावं.

पण गुरुजी, यातनं २५ कसं निघालं? अमेरिकेत आकडा एकच आहे, बिअरला वेगळा आणि रमला वेगळा असलं काही नाही, तो शेंबड्या पोरालाही माहिती असतो, आणि तो न पाळणाऱ्या दुकानदाराच्या लायसनवर येऊ शकतं. म्हणजे दुकानदाराला तोंड वर करून बघावं लागतं. आपण त्यांचा आकडा घेतला, त्याच्यावर चार वाढवून लावले, आणि बघणारा माणूस तेवढा घ्यायचा विसरलो. आणि २५ ला समाजाची साक्ष कुठं आहे? २१ व्या वर्षी पोराचं लग्न लागतं. २१ व्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहता येतं, सरपंच होता येतं, गावात दारूचं दुकान असावं का नाही यावरच्या ग्रामसभेचं अध्यक्षपदही त्याच्याकडंच, पण त्याच संध्याकाळी त्यानं रम घेतली तर कायदा मोडला. २५ ला तर आमदारकीला उभं राहता येतं. म्हणजे आपल्याकडं आमदारकीचा फॉर्म आणि पहिला पेग एकाच वयात. २०११ मध्ये सरकारनं व्यसनमुक्तीचं धोरण आणलं आणि २५ चा गाजावाजा झाला तेव्हा हिंदी सिनेमातला एक नटसुद्धा हायकोर्टात गेला होता, पेपरात चार दिवस चर्चा झाली, आणि आमच्या हायवेच्या ढाब्यांवर एक खुर्चीसुद्धा हलली नाही.

वकीलसाहेबांचंही बघू. मतदानाचं लॉजिक मला लंगडं वाटतं. १९८९ पासून आपल्याकडं १८ ला मत आहे, ठीक, पण प्रत्येक गोष्टीला वेगळं वय असतं आणि असावं, ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला १६, गिअरच्या गाडीला १८, लग्नाला २१. चुकीचं मत दिलं तर पाच वर्षांनी बदलता येतं, कास रोडच्या वळणावर रात्री साडेअकराला ट्रिपल सीट चुकलं तर नाही. त्यांचा खरा मुद्दा दुसरा होता, युरोपचा. की बघा, जर्मनीत आईबापासोबत १४ ला, एकट्याला १६ ला बिअर मिळते, तिथली पोरं घरच्या टेबलावर शिकतात आणि प्रमाणात पितात. ऐकायला गोड आहे आणि मलाही बरीच वर्षं पटायचं. पण युरोपातच दर चार वर्षांनी पंधरा-सोळाच्या पोरांची पाहणी होते, त्यात डेन्मार्कसारख्या मोकळ्या देशातली पोरं टाइट होण्यात सगळ्यांच्या पुढं निघतात, आणि अमेरिकेतली त्याच वयाची पोरं त्यांच्यापेक्षा कमी पितात. म्हणजे लवकर शिकवलं की शहाणपणानं पितात हे गणित त्यांच्या स्वतःच्याच घरात सुटत नाही. लिथुआनियानं तर २०१८ मध्ये वय १८ वरनं २० वर नेलं.

शिवाय टेबल कुठलं, कुणाचं? आपल्याकडं जेवताना घोटभर घेऊन बाजूला ठेवायची पद्धत आहे कुठं? सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातले पंधराच्या पुढचे साधारण १९ टक्के पुरुष पितात असं निघालं, आणि बायका एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे पाचातले चार पुरुष पीत नाहीत, हे डोळ्यांवर विश्वास बसत नाही पण तसं आहे. पण जे पितात ते चवीला पीत नाहीत. क्वार्टर उघडली की संपवायची, शेंगदाणे तोंडात टाकायचे, आणि ‘चढली का’ हे विचारायचं. आमच्याकडं एका सणालाच गटारी म्हणतात, दिव्यांची अवस, दिवे घासून पुसून पुजायचा दिवस, आणि त्याला आपण गटाराचं नाव दिलं आणि वर पोरांसमोर हसत हसत शुभेच्छा देतो. त्या टेबलावर पोराला काय शिकवायला बसवणार? म्हणून १८ नको. पण ज्या समाजात बहुसंख्य लोक पीतच नाहीत तिथं पोरांना सगळे पितात असं का वाटतं, हा प्रश्न वकीलसाहेबांनी विचारला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

वाटतं याचं कारण, न पिणारा दिसत नाही आणि पिणारा मिरवतो. माझंच सांगतो. चुलत्याच्या पोराच्या वरातीत, मी सोळाचा, ट्रॅक्टरच्या मागं अंधारात एका मामानं स्टीलच्या पेल्यात काहीतरी ओतून दिलं, वर थम्सअप. म्हणाला, आता तू आमच्यात आलास. घसा जळला, ओकलो, आणि दुसऱ्या दिवशी ते ओकणं अख्ख्या भावकीत कौतुकानं सांगितलं गेलं. दारू आवडली नव्हती, आमच्यात येणं आवडलं होतं. पुढं कित्येक वर्षांनी मला कळलं की अठराच्या आतल्या मुलाला दारू देणं हा बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षेचा आणि लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे. वरातीत हे कुणाला सांगितलं तर सांगणाऱ्याला वेड्यात काढतील. म्हणजे ज्या कलमात खरा दम आहे, ते गावाला माहिती नाही, आणि २५ चं जे कलम कुणी पाळूच शकत नाही त्यावर आपण मांडव घालून बसलोय.

लपवाछपवीचा दुसरा परिणाम सगळ्यात वाईट. पोरं प्यायला बसतात कुठं, तर धरणाच्या काठाला, माळावर, यवतेश्वरच्या बाजूला, म्हणजे घरापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, आणि परत येणार बाइकवर. घाई असते म्हणून भराभर पितात. आणि एखादा बेशुद्ध पडला तर त्याला दवाखान्यात न्यायच्या आधी तास-दोन तास त्याच्या तोंडावर पाणी मारत बसतात, कारण दवाखाना म्हणजे पोलीस, पोलीस म्हणजे बाप. असा एक पोरगा माझ्या माहितीत आहे, वाचला, नशीब. त्याच्या मित्राला मी विचारलं, तुम्ही लगेच का नाही नेलं रे? म्हणाला, ‘आमचं वय कुठं बसतंय काका.’ म्हणजे वयाचा कायदा त्यांना आठवला, पण पिताना नाही, मदत मागताना.

आणि न पटणारा कायदा लोकांवर लादला की काय होतं हे महाराष्ट्रानं एकदा सबंध बघितलंय. मुंबई राज्यात मोरारजी देसाईंनी १९४९ चा दारूबंदी कायदा आणला, १९५० पासून पूर्ण बंदी. हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. झालं काय, गूळ आणि नवसागराच्या हातभट्ट्या जोरात, टायरच्या ट्यूबमधनं माल, हप्ते, आणि ज्याची ओळख त्याला तब्येतीच्या नावावर परमिट. बंदी पुढं ढिली झाली, परमिट राहिलं ते आजपर्यंत. आजही कायद्यानं महाराष्ट्रात दारू प्यायला परमिट लागतं, एक दिवसाचं विदेशीला पाच रुपये, देशीला दोन रुपये, आणि त्याच्यावर कारण छापलेलं असतं की आरोग्य राखण्यासाठी. आरोग्य राखण्यासाठी देशी! वाचून हसू येतं आणि मग येत नाही, कारण ७५ वर्षं आपण आपल्याच कायद्यात हे खोटं छापत आलोय आणि पोरांना म्हणतोय खोटं आधार कार्ड का बनवता.

इथं कुणीतरी प्रतिसरकारचं उदाहरण देणारच, आणि द्यावंच. १९४२ नंतर नाना पाटलांच्या पत्रीसरकारनं आताच्या सातारा-सांगलीच्या गावागावांत (तेव्हा यातला बराचसा भाग सातारा जिल्हाच होता) दारूचे गुत्ते बंद पाडले, पिणाऱ्याला चावडीवर जाब विचारला. जमलं की नाही? जमलं. पण ते कुणाच्या जोरावर? ज्या पोरांनी स्वतःच्या जिवावर उदार होऊन गाव धरलं होतं त्यांच्या शब्दाला वजन होतं, सांगणारा स्वतः पीत नव्हता. त्याच्याही आधी, कटगुणच्या फुल्यांच्या घरातले जोतिराव १८८० साली पुण्याच्या म्युनिसिपालिटीत बसून नव्या दारूच्या दुकानांना विरोध करत होते. त्यांचा रोख पिणाऱ्या गरिबावर नव्हता, लायसन वाटून महसूल मोजणाऱ्यांवर होता. आज राज्याला दारूतनं वर्षाला वीस हजार कोटींच्या वर मिळतात. आमच्या कारखान्यांची मळी डिस्टिलरीत जाते, पलूसला द्राक्षाच्या नावानं वाइन पार्क काढला, २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा याच साताऱ्यात कीर्तनकार बंडातात्या कराडकरांनी आंदोलन केलं आणि तो निर्णय अंमलात आलाच नाही. मी त्यात तात्यांची सगळी भाषा मान्य करत नाही, पण एक विचारतो, विकणाऱ्यानं आणि कर घेणाऱ्यानंच वयाचा आकडा ठरवायचा आणि तो पाळायची जबाबदारी तेवढी सतराच्या पोराची, हे कुठलं गणित?

बायकांची बाजू वेगळी आहे आणि तिथं मला वाद घालायचाच नाही. २००८ च्या नियमानं गावातल्या चौथाई बायकांनी मागणी केली की मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. त्या बाईला १८ का २५ याचं काही पडलेलं नसतं, तिला मारणारा नवरा चाळीसचा असतो. तिचा राग बरोबर आहे. फक्त परिसंवादात त्या रागाच्या जोरावर २५ ला टाळ्या मिळतात, तेव्हा सांगावंसं वाटतं की बाई, हा आकडा तुमच्या कामाचा नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे, सगळ्याला एकच आकडा, २१, आणि तो आकडा काउंटरवर खरा. तब्येतीचं परमिट रद्द करा. विकणाऱ्यानं ओळखपत्र बघितलं नाही तर पहिल्यांदा दुकान आठवडाभर सील, दुसऱ्यांदा लायसन. पोराला पकडून बापाला बोलावून तमाशा करण्यात काही हशील नाही, आणि दवाखान्यात मित्राला आणणाऱ्या पोराला तर कुणी एक शब्द विचारू नये. यावर लगेच उत्तर येतं, हप्ते चालू राहणार, काही बदलणार नाही. राहतील ना, थोडे राहतील. पण २५ असताना दुकानदार आणि पोलीस दोघांनाही मनातून वाटतं की बावीसच्या नोकरदार पोराला काय अडवायचं, आणि एकदा बावीसच्याला सोडला की सतराच्याला अडवायचा हात राहत नाही, जाळीतनं आलेला हात हातच असतो. पाळता येईल एवढाच नियम केला तर निदान मोडणाऱ्याला आपण मोडतोय हे कळतं.

आणि आकड्यानं सगळं होत नाही हेही तेवढंच खरं. आइसलँडमध्ये १९९८ ला पंधरा-सोळाची ४२ टक्के पोरं गेल्या महिन्यात टाइट झालो होतो असं सांगत होती, २०१६ ला ती ५ टक्क्यांवर आली. तिथं विकत घ्यायचं वय २० आहे, पण ते आधीपासून होतं. बदललं ते वेगळंच, रात्री पोरं रस्त्यावर नकोत हा नियम आईबापांनीच एकमेकांत करार करून पाळला, आणि खेळाला, गाण्याला, क्लबला पोरामागं पैसे दिले. तेवढे पैसे सोडा, पण आमच्या तालमी, आमची पहाटेची ग्राउंडं, कबड्डीचे संघ हे दुसरं काय आहे? दाभोलकर डॉक्टर स्वतः कबड्डीचे खेळाडू, त्यांनीच इथं ‘परिवर्तन’ संस्थेचं व्यसनमुक्तीचं काम उभं केलं. ‘भरती हाय’ म्हणणाऱ्या पोराला ते म्हणता येतं कारण त्याच्यामागं खरंच एक ग्राउंड असतं.

त्या आधारवाल्या पोराचं राहिलंच. मी नाही म्हणाल्यावर तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून कुणाला तरी फोन करत होता, मला आतनं ऐकू येत होतं. ‘अरे काका नाय म्हणत्यात, केस हुईल म्हणत्यात. मी कसा येऊ मग. नाय, तुम्ही जावा.’ केस होईल असं मी म्हटलंच नव्हतं. माझ्या दुकानापासनं चार गाळे सोडून दुसरं झेरॉक्स आहे, तिथला पोरगा दहा रुपये जादा घेऊन काहीही एडिट करून देतो हे सगळ्या कॉलेजला माहिती आहे. हा तिकडं बघितलासुद्धा नाही. फोन खिशात टाकला, सॅक सावरली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागला.